बुडालेल्या झाडाचं नाणं

टांकसाळीच्या बायकांच्या फाटकावर झडती घ्यायला जी बाई असे, तिला घरी आणि कामावर सगळे 'धाकटी'च म्हणत. नवरा त्याच्या बहिणीपेक्षा लहान, म्हणून त्याची बायको धाकटी. तिचे स्वतःचे केस कानांवर पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी नाव काही मोठं झालं नाही.

काम वरवर सोपं. पाळी सुटली की बायका रांगेनं पडद्यामागे यायच्या. चपला काढा, डबा उघडा, तोंड उघडा, जीभ वर करा, हात पसरा. बिनखिशाच्या डगल्यावरून धाकटीचे हात खांद्यापासून घोट्यापर्यंत एकदा पुढून, एकदा मागून फिरायचे, आणि शेवटी विणकामाची एक बोथट सुई अंबाड्यात शिरायची. "झडती घेताना लाजलीस की समोरचीला वाटतं, ही आपल्यावरच संशय घेतेय," असं तिला नोकरीच्या पहिल्या दिवशी नणंदेनं बजावलं होतं. "भांडी घासतेस ना? तशी घे. कुठलं ताट कुणाचं, याचा विचार करतेस का?"

ही नोकरी नणंदेनंच लावून दिली होती. ती स्वतः आत तपासणीच्या पट्ट्यावर बसायची. प्रेसमधून पडलेली नाणी रबरी पट्ट्यावरून झुळझुळत येत, आणि दिव्याखाली बसलेल्या बायका त्यातली बिघडलेली टिपून बाजूला काढत. टिपलेलं नाणं कुलूपबंद पत्र्याच्या डब्याच्या फटीतून आत टाकायचं. तो डबा पुढं थेट वितळवायच्या भट्टीकडं जायचा. इतकी वर्षं त्या पट्ट्यावर काढल्यामुळे नणंदबाईंची नजर अशी तयार झाली होती, की आमटीतला खडासुद्धा त्यांना वाढायच्या आधी दिसायचा.

धाकटी त्यांना 'वन्सं' म्हणायची आणि त्यांना थोडी भ्यायची. वन्सं विधवा, मूलबाळ नाही, वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. पण संध्याकाळी दोघी टांकसाळीतून चालत घरी यायच्या, आणि तेवढ्या वाटेत वन्संचं तोंड सुटायचं.

"आज काय निघालं?" धाकटी विचारायची.

"आज एक चंद्रकोर." म्हणजे कोरी चकती छापताना तिला धरणाऱ्या कड्यात नीट बसलीच नाही, तिरकी राहिली, आणि ठसा कडेवरच पडला, चंद्रकोरीएवढंच झाड उमटलं नि बाकीची चकती कोरी. कधी 'कुरतडलेलं' निघायचं. पत्र्याची पट्टी जेवढी पुढं सरकायला हवी तेवढी सरकत नाही, चकत्या कापणारा पंच आधीच्याच भोकावर थोडा पडतो, आणि नाण्याला उंदरानं चावा घेतल्यासारखी खाच राहते. कधी 'दोनदा मार खाल्लेलं'. छापून झाल्यावर जे बाहेर उडायला हवं ते तिथंच रेंगाळतं, आणि त्याच्यावर पुन्हा ठसा पडतो. वन्सं हे असं सांगायच्या, की जणू शेजारच्या व्रात्य पोरांच्या खोड्या सांगताहेत.

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? डब्यात. पण खरं सांगू? टाकताना हात अडतो. गोणीभर नाणी एका चेहऱ्याची असतात गं. हे एकच असतं ज्याला आपलं असं काहीतरी झालेलं असतं."

तेव्हा धाकटीला ते बोलणं गोड वाटलं होतं. नंतर तेच बोलणं तिला झोपू देईना.

झडतीचं काम हाताला लागतं तसं डोक्यालाही लागतं. धाकटी भाजीवाल्याचा काटा दोनदा बघायची, दूधवाल्याला भांडं पालथं करून दाखवायला लावायची, आणि नवरा बस डेपोतून घरी आला की त्याला पाण्याचा तांब्या देता देता तिचा दुसरा हात आपोआप त्याच्या खिशांवरून फिरायचा. तो बिचारा हात वर करून उभा राहायचा. "अगं, मी बायकांच्या फाटकातून नाही आलो," म्हणायचा.

अशात एक दिवस सकाळी दक्षता साहेबांनी फाटकावरच्या सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. टांकसाळीत चोरी, गळती, अफरातफर बघायला जो अधिकारी असतो तो हा. बारीक चणीचा, हळू बोलणारा माणूस; रागावला की आणखी हळू बोलायचा. त्यानं टेबलावर एक मोठा केलेला फोटो ठेवला.

"हे नाणं शहरातल्या एका जुन्या नाण्यांच्या दुकानात काचेमागे ठेवलंय. आपलं आहे. यावर्षीचं आहे. आणि हे बाहेर जायला नको होतं."

धाकटीनं फोटो पाहिला. टांकसाळीच्या त्या नाण्याला एका बाजूला झाड, दुसऱ्या बाजूला आकडा. पण या नाण्याला आकडाच नव्हता. एका बाजूला झाड वर आलेलं, नेहमीसारखं. दुसऱ्या बाजूलाही झाडच, पण आत बुडालेलं आणि उलटं, आरशातल्यासारखं. जणू ओल्या मातीत कुणी नाणं दाबून उचलून घेतलं होतं.

"असलं नाणं शौकीन लोक वाटेल त्या भावाला घेतात," साहेब म्हणाले. "तेव्हा कुणीतरी ते पट्ट्यावरून उचललं आणि कुणीतरी ते फाटकातून जाऊ दिलं. दोन माणसं. निदान दोन."

एकेकीला मग वेगळं बोलावून विचारपूस झाली. धाकटीची पाळी आली तेव्हा साहेबांनी तिला खुर्ची दिली, आणि खुर्ची दिल्यामुळेच ती सावध होऊन नुसती कडेवर टेकली.

"घरी सगळं ठीक?"

"हो साहेब."

"इतक्यात काही मोठी वस्तू घेतलीत? कपडे धुण्याचं मशीन वगैरे?"

मशीन होतं घरात. नवऱ्याच्या डेपोतला एक ड्रायव्हर घर बदलत होता, बंद पडलेलं मशीन फेकून देणार होता. नवऱ्यानं ते हातगाडीवर घालून आणलं आणि दोन सुट्ट्या त्याच्या पोटात डोकं घालून चालू केलं. तिनं ते सांगितलं. सांगताना आपण खोटं बोलतोय असा स्वतःचा आवाज तिला ऐकू येत होता. साहेब मान हलवत राहिले. त्यांना पटलं की नाही, काही पत्ता लागला नाही.

हे त्यांना सांगितलं कुणी? दुसऱ्या रांगेला झडती घेणारी एक उंच बाई होती, तिला सगळे 'शिडी' म्हणायचे. शिडी मागच्या महिन्यात घरी येऊन गेली होती आणि मशीनपाशी रेंगाळली होती. धाकटीनं मनातल्या मनात तिच्या नावावर फुली मारली. दुसऱ्या दिवसापासून फाटकावर दोघी एकमेकींकडं अशा बघायला लागल्या की मधल्या पडद्याला भोकं पडावीत.

पण साहेबांचं एक वाक्य डोक्यातून जाईना. कुणीतरी फाटकातून जाऊ दिलं. धाकटीनं आपल्या रांगेतली एकेक बाई मनात उभी केली. हिचा डबा बघितला, तिची चप्पल वाकवून बघितली, त्या जाडीच्या गालात जीभ फिरवायला लावली. सगळ्यांचं सगळं बघितलं होतं.

एकीचं सोडून. वन्संच्या अंबाड्यात तिनं सुई कधीच घातली नव्हती. मोठ्या नणंदेच्या डोक्यात सुई खुपसायची म्हणजे काय? ती नुसती दोन बोटं वरून टेकवायची आणि म्हणायची, "चला." वन्संही जराशी मान कलती करायच्या, तेवढ्यापुरती. पहिल्या दिवसापासून असंच चालत आलं होतं.

एकदा संशयाची सुई तिकडं वळली म्हटल्यावर सगळंच दिसायला लागलं. वन्संचा अंबाडा अलीकडं भरगच्च झाला होता. या वयात केस वाढतात की गळतात? पूर्वी त्या जिन्यात ऊन खात केस वाळवायच्या, आता न्हाऊन दार आतून लावून घ्यायच्या. दर महिन्याला एका सुट्टीच्या दिवशी "काम आहे जरा" म्हणून बाहेर पडायच्या, आणि कसलं काम ते सांगायच्या नाहीत. आणि त्या फोटोची गोष्ट काढली की विषय बदलायच्या. ज्या बाईला बिघडलेल्या नाण्याचं एवढं वेड, तिला या नाण्याविषयी बोलायला काहीच नसावं?

"वन्सं, ते बुडालेलं झाड कसं होत असेल हो?" धाकटीनं एकदा वाटेत मुद्दाम विचारलं.

"चिकटतं," वन्सं तुटकपणे म्हणाल्या. "छापलेलं नाणं खाली पडायचं सोडून वरच्या ठशाला चिकटून बसतं. खाली नवी चकती येते, तिच्यावर ठशाऐवजी ते नाणंच आपटतं. मग त्याचं झाड हिच्यात रुततं. पाय उचल, उशीर होतोय."

पुढच्या सुट्टीला वन्सं काम आहे म्हणून निघाल्या तेव्हा धाकटी पिशवी घेऊन मागून निघाली. आपल्याच माणसाचा असा पाठलाग करताना ती दर वळणाला मागे थांबत होती. वन्सं जुन्या बाजारात शिरल्या, घड्याळजींच्या दुकानांवरून पुढं गेल्या आणि एका अरुंद गल्लीत वळल्या. धाकटी कोपऱ्यापाशी पोचली तोवर गल्ली रिकामी होती. पण तिथल्या दुसऱ्या दुकानाच्या काचेमागे मखमलीवर नाणी मांडलेली होती, आणि दारात लिहिलं होतं, जुनी व दुर्मीळ नाणी घेतली व विकली जातील.

ती तशीच मागे फिरली. घरी येऊन तिनं तेच एक पातेलं कितीतरी वेळ घासलं.

नवऱ्याला सांगितलं तर तो उडालाच. "ताई? आमची ताई? अगं, तिनं दुकानदाराकडून एक लिंबू जास्त आलं म्हणून परत नेऊन दिलंय."

"लिंबाचं काय कौतुक सांगता? मी डोळ्यांनी बघितलं."

"दुकानात जाताना बघितलंस?"

"गल्लीत जाताना."

"गल्लीत काय एकच दार आहे?"

पण संशयाला उत्तर लागत नाही. तिच्या डोक्यात दुसरंच चक्र फिरत होतं. उद्या साहेबांनी स्वतः वन्संना पकडलं, तर म्हणतील, नणंद उचलायची आणि भावजय सोडायची. निदान दोन माणसं, म्हणाले होते ना? मशीनचा प्रश्न उगाच नव्हता विचारला.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटली. रांग नेहमीसारखीच, पण साहेब फाटकाच्या पलीकडं हात मागे बांधून उभे होते. पडदा अर्धा सरकवलेला. वन्संचा नंबर आला. चपला, डबा, तोंड, हात. वन्संनी नेहमीप्रमाणे मान जराशी कलती केली.

"वन्सं, अंबाडा सोडा," धाकटी म्हणाली.

वन्संना आधी ऐकू आलं नाही असं वाटलं.

"काय म्हणालीस?"

"सोडा. बघायचाय."

"सुई घाल ना." वन्संचा आवाज अगदी खाली आला होता. "सुई घाल, मी काही म्हणणार नाही. सोडायला नको लावूस."

त्या विनवणीनंच घात केला. निर्दोष माणूस कशाला विनवेल, असं धाकटीला वाटलं, आणि तिनं हात घालून काटे ओढले. अंबाडा सुटला नाही. तो सबंधच्या सबंध तिच्या हातात आला.

गंगावन होतं. काळंभोर, तेल लावलेलं, नीट गुंडाळलेलं परक्या केसांचं गंगावन. आणि वन्संच्या डोक्यावर, मागच्या बाजूला, केस जवळजवळ नव्हतेच. थोडे पांढरे धागे आणि मधे उघडं कातडं, तान्ह्या बाळाच्या टाळूसारखं नाजूक.

कुणीतरी मागं खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. धाकटीच्या बोटांनी मात्र, इतक्या वर्षांच्या सवयीनं, ते गंगावन दाबून पाहिलं. आत काही नव्हतं. हे आपण केलं हे तिला कळलं तेव्हा करून झालं होतं.

वन्संनी ते तिच्या हातातून काढून घेतलं, घडी घातली, डब्याच्या पिशवीत ठेवलं. "झालं? जाऊ मी?" म्हणाल्या. आणि डोक्यावर काहीही न घेता, उघड्या टाळूनं, साहेबांच्या समोरून फाटकाबाहेर पडल्या. त्या दिवशी धाकटी एकटी घरी आली.

जिन्याचं वरचं दार बंद होतं. तिनं हाका मारल्या, आमटी नेऊन ठेवली. आमटी तशीच राहिली. नवरा वर जाऊन आला. "तापात गेले म्हणे केस, मागच्या वर्षी," तो म्हणाला. "त्या गल्लीत वरच्या मजल्यावर एक बाई टोप नि गंगावनं करते. दर महिन्याला ते नीट करून आणायला लागतं. मलाही सांगितलं नव्हतं तिनं." मग म्हणाला, "मी हात वर करून उभा राहतो ते चेष्टा म्हणून. मला ते आवडतं असं नाही."

कामावर उलटंच झालं. साहेबांनी तिला बोलावून शाबासकी दिली. "तुम्ही नातं बघितलं नाही. असं माणूस हवं फाटकावर." आणि हुकूम काढला की यापुढं प्रत्येकीचा अंबाडा सोडून बघायचा. त्या दिवसापासून धाकटीला 'कंगवा' हे नवीन नाव पडलं. बायका पडद्यामागे यायच्या, केस मोकळे सोडायच्या, आणि तिच्याकडं न बघता विचारायच्या, "उवा बघून देतेस का, आलेच आहे तर?" वन्सं शिडीच्या रांगेला लागल्या. डोक्याला साधा रुमाल बांधून यायच्या. शिडी त्यांच्या रुमालाला हातही लावायची नाही, आणि साहेब ते बघून न बघितल्यासारखं करायचे.

असेच काही आठवडे गेले. मग दुसऱ्या एका गावच्या बँकेतून टांकसाळीत निरोप आला. सील न तुटलेली गोणी त्यांनी उघडली, तर त्यात एक विचित्र नाणं निघालं होतं, आकडा नसलेलं, एक झाड वर आणि एक झाड आत. साहेब स्वतः जाऊन बघून आले. त्या नाण्यावर झाडाच्या बुंध्यापाशी केसासारखी एक बारीक रेघ वर आली होती. ठशाला तडा गेला की ती फट प्रत्येक नाण्यावर अशी रेघ होऊन उमटते. तीच रेघ दुकानातल्या नाण्यावर होती, आणि त्या गोणीतल्या कितीतरी साध्या नाण्यांवरही. म्हणजे तो तडकलेला ठसा प्रेसवर होता तेव्हाचीच ही सगळी. वर चिकटलेल्या नाण्यानं ते सुटेपर्यंत एकामागून एक चकत्या बिघडवल्या होत्या. काही पट्ट्यावर टिपल्या गेल्या, काही सुटल्या, आणि सुटलेल्या मोजून गोण्यांत भरल्या गेल्या, सील लागून, गाडीत बसून, राजरोस मोठ्या फाटकातून बाहेर गेल्या. कुणी उचललं नव्हतं, कुणी सोडलं नव्हतं. नाण्यांच्या दुकानदारानंही ते एका किराणावाल्याच्या गल्ल्यातूनच घेतलं होतं.

सूचनाफलकावर दोन ओळी लागल्या: सदर प्रकरण बंद करण्यात येत आहे. बाकी कुणाला काही म्हटलेलं नव्हतं. अंबाडे सोडायचा हुकूमही मागे घेतला नाही.

त्या संध्याकाळी वन्सं खाली आल्या. धाकटी कपडे मशीनमध्ये घालत होती. ती धडपडत उठली, हात पुसले, बसायला दिलं. माफीची वाक्यं तिनं रोज मनात जुळवली होती.

"वन्सं, मी..."

"थांब. आधी माझं ऐक." वन्सं मशीनकडं बघत होत्या. "याचं साहेबांना मी सांगितलं."

"कशाचं?"

"मशीनचं. मला बोलावलं होतं तुझ्या आधी. फाटकावर कुणाच्या घरी काही नवीन आलंय का, विचारलं. मी म्हटलं, माझ्या भावजयीकडं मशीन आलंय, कुठून आलं ते मला माहीत नाही."

धाकटी बघतच राहिली. "यांना विचारायचं होतंत! हातगाडीवर आणलं यांनी, सगळ्या वाडीनं पाहिलं!"

"ताडपत्री घालून आणलं. आणि दोन सुट्ट्या दार लावून काय करत होता तो, मला काय माहीत?" वन्संचे कान लाल झाले होते. "मला वाटलं, फाटकावर कुणीतरी डोळेझाक करतं, त्याचा वाटा असेल. तू चारचौघींत माझं डोकं उघडं केलंस. मी बंद खोलीत तुझं घर उघडं केलं. मला बरं वाटावं म्हणून तू माफी मागू नकोस."

धाकटीला आधी संताप आला, खरा संताप. शिडीवर इतके दिवस दात ओठ खाल्ले होते, आणि हे घरातूनच गेलं होतं! मग लिंबू परत देणारी ही बाई साहेबांसमोर खुर्चीत बसून आपल्या मशीनविषयी सांगत होती हे चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं, आणि तिला हसू फुटलं. ते हसू नीट निघालं नाही, मधेच रडू झालं. वन्सं तशाच ताठ बसून होत्या.

"अजून एक आहे," त्या म्हणाल्या. आता मात्र त्यांचा आवाज फुटला. "ती रेघ असलेली नाणी माझ्या पट्ट्यावरून गेली. माझ्या पाळीत. फोटो बघितला तेव्हाच मी रेघ ओळखली होती."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि मला दिसलं नाही, हे?" त्यांनी टेबलावरची वाटी दिव्याखाली धरली, बोटानं तिचा खोलगट भाग दाखवला. "समोरून दिवा असला ना, तर आत बुडालेलंही वर आल्यासारखं दिसतं. डोळा फसतो. मी झाड बघितलं, म्हटलं ठीक, आणि जाऊ दिलं. एक नाही, कितीतरी. लोक मला चोर म्हणाले असते तर मी भांडले असते गं. आंधळी म्हणाले असते तर काय करणार होते?"

धाकटीनं चहा टाकला. दोघींनी तो मशीनपाशीच प्यायला. मशीन खडखडत होतं, ते नवऱ्यानं कितीही दुरुस्त केलं तरी पाणी सोडताना तसंच करायचं.

त्यानंतर सगळं पहिल्यासारखं झालं, असं म्हणता येणार नाही. वन्सं पुन्हा तिच्या रांगेला आल्या नाहीत. पण संध्याकाळी फाटकाबाहेर थांबायला लागल्या, आणि दोघी पुन्हा एकत्र चालू लागल्या. टांकसाळीनं पुढच्या वर्षी फाटकावर एक यंत्र बसवलं. त्याच्या कमानीतून चालत गेलं की धातू असला तर ते ओरडायचं. झडतीवाल्या बायकांना आतल्या कामावर घेतलं. शिडी भांडारात गेली. धाकटीला तपासणीच्या पट्ट्यावर बसवलं, आणि शिकवायला अर्थातच वन्सं.

वन्सं कडक मास्तरीण होत्या. "एका बाजूनं बघून सोडू नकोस. दिव्यावर विश्वास ठेवू नकोस. मान इकडं करून बघ, मग तिकडं करून." धाकटीला पहिले काही आठवडे स्वप्नातही झाडंच दिसायची, पट्ट्यावरून वाहत जाणारी. पण संशय घ्यायची सवय इथं कामाला आली. ती भराभर शिकली. शेजारच्या बायका तिच्याशी बोलायला लागल्या, 'कंगवा' हळूहळू मागे पडला.

एक दिवस दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर डोळे जड झालेले असताना, तिला एक सापडलं. दुसऱ्याच कुठल्यातरी नाण्याची चकती चुकून या प्रेसमध्ये आली होती; लहान, तांबूस, कड्यापेक्षा लहान असल्यामुळे ठसा पडताना पसरलेली. झाडाच्या फांद्या कडेवरून बाहेर गेल्यासारख्या. असं नाणं तिनं कधी पाहिलं नव्हतं. वन्संनीही कधी सांगितलं नव्हतं.

ते तिच्या तळहातावर होतं. डबा हाताशी होता. बोटं मिटली तर आत काहीच नाही असं वाटेल, एवढं छोटं. इतकी वर्षं तिनं दुसऱ्यांच्या मुठी उघडून पाहिल्या होत्या, आणि मुठीला आतून कसं वाटतं हे तिला आज कळत होतं. फाटकावरचं यंत्र तिला आठवलं, भीती वाटली. आणि भीती वाटल्यावर लक्षात आलं, की भीती वाटण्याइतका विचार आपला करून झाला आहे.

तिनं वर पाहिलं. वन्सं तिच्याकडं बघत होत्या. रुमालाखालचे ते तयार डोळे तिच्या तोंडावर नव्हते, तिच्या मुठीवर होते. किती वेळ बघत होत्या कोण जाणे.

"काय निघालं?" वन्संनी विचारलं.

धाकटीनं मूठ उघडून दाखवली. वन्सं पुढं वाकल्या, मान इकडं करून पाहिलं, तिकडं करून पाहिलं. त्यांचा चेहरा क्षणभर विरघळला.

"परक्याची चकती," त्या हळूच म्हणाल्या. "मी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. टाक आता."

धाकटीनं ते फटीतून आत सोडलं. आत पडल्याचा टण्णकन आवाज झाला. तो ऐकल्यावरच वन्संनी नजर पुन्हा आपल्या पट्ट्याकडं वळवली, आणि धाकटीनंही.